ताणा

ताण मोजायचं यंत्र काल संध्याकाळी पाण्यात पडलं,
गंगापूर धरणाच्या सावरगावकडच्या काठाला,
गाळ जिथे गुडघा गिळतो तिथे.
ओझरला एकतीस वर्षं विमानांचे पंख जोडलेले
विश्राम टर्ले बुडबुड्यांकडे बघत राहिले.
मग म्हणाले, उद्या अकराला शर्यत.
आणि चष्मा पुसला.

त्यांच्या वहीत सगळं आहे:
वारा मंद असेल तर, मध्यम असेल तर, पिसाळला तर;
डोलकाठी मागे किती कलवायची,
बाजूच्या तारांना किती, नाळेवरच्या तारेला किती.
पेन्सिलीचे बारीक, सरळ आकडे.
रात्रीत सगळे मुके झालेले.

मी येवल्याची. घरात पैठणीचा माग.
ताणा बसवला की आई त्यावरून तळहात फिरवते,
व्यालेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि कुठेतरी थांबते. तिथला धागा ढिला असतो.
संक्रांतीला भाऊ पतंगाला मंगळसूत्र बांधायचा
(आमच्याकडे कणीला हेच नाव).
वरचा दोरा बोटभर इकडेतिकडे झाला
की अख्खी दुपार गोते.
एवढंच मला येतं.
ते मी बोलले नाही.

सकाळी सात. अंजनेरी अजून निळी.
काका म्हणाले, वाजव.

मी डावी तार छेडली. जड बोलली.
उजवी जरा पोरकट.
"अर्धा फेरा."
त्यांनी पाना अर्धा फेरा फिरवला.
आता उजवी डोक्यावर बसली.
"पाव मागे."
ते होडीत उताणे, एक डोळा मिटून,
रिव्हेटांची ओळ बघावी तसे काठीवरून वर बघत:
"मध्यात पोट आलंय. डावीकडे."
खालच्या तारा. पाव. पुन्हा पाव. नाही, गेलं.
पलीकडच्या होडीवरची पुण्याची पोरं
पोहे खात आमच्याकडे बघत होती.
मग कधीतरी दोन्ही तारा एका आवाजात बोलल्या
आणि काका काहीच म्हणाले नाहीत.
वहीत तारीख टाकली.
पुढची जागा कोरी.

वारा पश्चिमेचा, पण सलग नाही,
पाण्यावर सावळे डाग सरकत यायचे, तेवढाच.
पुढच्या शिडाला मी रेशीम चिकटवलं होतं,
मागावर उरलेलं, एका अंगाला जांभळं, दुसऱ्याला राणी.
वाऱ्याकडचा धागा उसळला तर दोर ओढ.
आडोशाचा फडफडला तर सोड.
दोन्ही मुकाट मागे वाहिले तर श्वाससुद्धा जपून घे.
पोरांनी शीड ताणून ताणून फळी केली होती.
ताणलं की पळतं, असं वाटतं खरं.
मलाही वाटत होतं. हात आवळलेला.
"दोन बोटं," काका म्हणाले, "दे त्याला."
मी दिली.
शीड भरलं, आणि होडी
हातातून धोटा सुटावा तशी
काही न बोलता गेली.

दुसऱ्या वळणापर्यंत आम्ही पुढे.
मग वारा गंगावऱ्ह्याच्या अंगाला जाऊन बसला
रुसलेल्या जावयासारखा, आणि ज्यांना तिकडे जायचं सुचलं
ते पुढे गेले. नऊ होड्यांत आम्ही चौथे.
पोरं तिसरी.

संध्याकाळी तारा सैल केल्या.
रात्रभर ताणून ठेवलं तर धातू थकतो, काका म्हणाले.
यंत्राचं काय, तर वैशाखात पाणी उतरेल,
एखाद्या गुराख्याला सापडेल,
तो त्याने काय मोजेल, देव जाणे.
वही उघडली. कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवून
थांबले.
"आईला विचार," म्हणाले,
"त्या आवाजाला तुमच्यात काय म्हणतात."

मी फोन लावला.
ती म्हणाली, कसला आवाज?
मोठ्याने बोल गं,
माग चालू आहे.